फवारणी आणि तोडा यांच्यामधले दिवस

निफाडकडचा माझा मावसभाऊ द्राक्षं करतो. मागच्या वर्षी त्याच्याकडे गेले तेव्हा बागेच्या बांधालगत मेथीचा वाफा, थोडी कोथिंबीर आणि वांग्याची चार झाडं दिसली. "ही घरची. हिला औषध मारत नाही," तो म्हणाला. शहरातल्या माणसाच्या कानावर हे पडलं की त्याला लगेच कट दिसतो: स्वतःच्या पोरांना निर्मळ आणि आम्हाला विषारी. मलाही क्षणभर दिसलाच. पण मग त्यानं बागेतला एक घड खुडला, बोअरच्या पाण्याखाली धरला, स्वतः खाल्ला आणि उरलेला पोरांच्या हातात दिला. मी बघत राहिले तेव्हा हसून म्हणाला, "अगं ताई, या प्लॉटला शेवटचं औषध पडून महिना झालाय."

त्याला तारीख माहीत होती. मंडईत उभी राहून मी भेंडी निवडते तेव्हा मला ती माहीत नसते. कुठली फळं आणि भाज्या सेंद्रिय घ्याव्यात, कुठल्या साध्या घेतल्या तरी चालतील, या प्रश्नावर गेली दोन-तीन वर्षं जमेल ते वाचते आहे आणि भेटेल त्या शेतकऱ्याला विचारते आहे. जितकं कळत गेलं तितका प्रश्न त्या तारखेभोवतीच फिरत राहिला.

या विषयावर सगळ्यात जास्त फिरणारी यादी अमेरिकेची आहे. 'एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप' ही संस्था दरवर्षी बारा 'घाणेरड्या' आणि पंधरा 'स्वच्छ' फळभाज्यांची यादी काढते. स्ट्रॉबेरी आणि पालक बहुतेक वर्षी पहिल्या यादीत वर असतात. अव्होकाडो, अननस, मका दुसरीत. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर येते ती हीच यादी, फक्त अव्होकाडो गाळून. तिचा आधार अमेरिकी कृषी खात्याच्या तपासण्यांचा असल्यामुळे ती हवेतली नाही. पण त्या तपासण्या अमेरिकेतल्या मालाच्या, तिथल्या औषधांच्या आणि तिथल्या किडींच्या. तिच्यात गवार नाही, दोडका नाही, मेथी नाही. दुसरी अडचण मोठी आहे. किती नमुन्यांत अंश सापडले आणि किती औषधांचे सापडले, याला या यादीत फार वजन आहे. तो अंश माणसाला अपाय करण्याइतका आहे का, हा निराळा प्रश्न. कार्ल विंटर आणि जोश कॅट्झ या कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये त्या बारा पदार्थांचे आकडे घेऊन नेमका हाच हिशेब केला. जवळजवळ सगळे अंश रोजच्या सुरक्षित मर्यादेच्या एक टक्क्याच्याही खाली निघाले.

म्हणून ती यादी फेकून द्यावी असं नाही. तिथलं औषधावरचं नियंत्रण आणि आपलं नियंत्रण यांत अंतर आहे, एवढं लक्षात ठेवून ती वाचावी.

आपले आकडे काय सांगतात? केंद्रीय कृषी मंत्रालयाची कीडनाशकांच्या अंशांची देशव्यापी तपासणी २००५-०६ पासून चालू आहे. २०१४-१५ मध्ये तिच्यात भाज्या, फळं, मसाले, धान्य, दूध असे २०,६१८ नमुने तपासले गेले. १८.७ टक्क्यांत काही ना काही अंश सापडले आणि २.६ टक्क्यांत ते ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर होते. या मर्यादेला 'एमआरएल' म्हणतात. ती ओलांडली म्हणजे विषबाधा झाली, असं नसतं. औषध सांगितल्या प्रमाणात, सांगितल्या वेळी मारलं तर मालात जास्तीत जास्त किती उरेल, यावरून ती ठरते. तेव्हा मर्यादेबाहेर गेलेला नमुना म्हणजे बहुतेकदा कुणीतरी जास्त मारलं किंवा लवकर तोडलं, याचा पुरावा.

त्याच तपासणीतला मला जास्त बोलका वाटणारा आकडा दुसराच आहे. १२.५ टक्के नमुन्यांत मान्यता नसलेल्या औषधांचे अंश होते. हे कसं होतं ते गावात कळतं. औषधाची नोंदणी पीकवार होते, पण शेतकऱ्याला औषध देतं ते कृषी सेवा केंद्र. तिथे "भेंडीवर अळी पडलीय" म्हटलं की कपाशीसाठी आलेला डबा पुढे सरकतो. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला २००५ पासून बंदी होती, तरी कपाशीसाठी ते दुकानात होतंच. दुकानदार कीड ओळखतो, पण त्या पिकासाठी किती दिवस थांबायचं हे डब्यावर लिहिलेलंच नसतं, कारण ते पीकच डब्यावर नसतं.

आणि एक गंमत. ती तपासणी सेंद्रिय दुकानांतल्या मालाचीही होती. अंश तिथेही सापडले.

आता मुद्द्यावर येते. प्रत्येक औषधाला फवारणीनंतर किती दिवस थांबून तोडणी करायची हे ठरलेलं असतं: कुठे तीन दिवस, कुठे पाच, कुठे तीन आठवडे. द्राक्षाचा, डाळिंबाचा, कांद्याचा शेतकरी हे दिवस पाळू शकतो, कारण त्याची काढणी ठरावीक काळात येते आणि शेवटची फवारणी मागे सरकवता येते. भेंडीचं काय? भेंडी एकदा लागली की दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती निबर होते आणि आडत्या ती बाजूला काढतो. काकडी तशीच, गवार जवळपास तशीच, टोमॅटो दोन-चार दिवसांनी, वांगी आठवड्याच्या आत, मिरची त्याहून थोडी उशिरा. शेतावर याला 'तोडा' म्हणतात. चालू तोड्यात अळी आली तर शेतकऱ्यापुढे दोनच वाटा असतात: फवारणी करून पुढचे दोन-तीन तोडे फेकून द्यायचे किंवा माल मंडईत पाठवायचा. पहिली वाट घेणारा मला अजून भेटलेला नाही, आणि ती न घेणाऱ्याला शिव्या देण्याचा हक्क किलोमागे पाच रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या मला आहे असंही वाटत नाही.

तेव्हा पैसे जास्त द्यायचेच असतील तर माझ्या मते पहिला नंबर या तोड्याच्या भाज्यांचा. त्यातही वांगं आणि भेंडी वर. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. ती एकदा फळात शिरली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती शिरण्याआधीच पुन्हा पुन्हा मारत राहावं लागतं. बीटी वांग्याचा सगळा वाद उभा राहिला तो याच अळीवरून. जालन्याच्या महिको कंपनीनं ते वांगं तयार केलं आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशातले शेतकरी २०१४ पासून ते लावतात. बाजू कुठलीही घ्या, दोन्हींनी एक गोष्ट मान्यच केलेली आहे: साधं वांगं औषधाशिवाय बाजारात आणणं फार कठीण आहे. खेरीज वांगं आपण सोलत नाही. भरताचं वांगं भाजून सोलतो तेवढाच अपवाद.

इथे एक आठवण येते. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांगं खाऊन संपवायचं आणि मग मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला हात लावायचा नाही, हा आजीचा नेम. तो तिनं कीटकशास्त्र वाचून केलेला नव्हता, आणि रूढीच्या पोटात विज्ञान शोधायची मला हौस नाही. पण पावसाळी, दमट दिवसांत वांग्यावर किडीचा जोर असतो हे शेतकरी सांगतात, आणि तिच्या नेमामुळे घरात त्याच दिवसांत वांगं येत नव्हतं. ज्या ऋतूत भाजी सहज येते त्या ऋतूत ती खावी, हा यातला धडधडीत भाग. थंडीतली मेथी, थंडीतला फ्लॉवर, थंडीतला मटार यांना औषध कमी लागतं. जुलैतला फ्लॉवर आणि ऑगस्टमधला टोमॅटो हे करप्याशी आणि अळीशी भांडून आलेले असतात. सेंद्रिय घेणं परवडत नसेल तर हंगाम पाळावा. त्याला जास्तीचा पैसा पडत नाही, उलट वाचतो.

फ्लॉवर आणि कोबी तोड्याच्या भाज्या नाहीत. गड्डा एकदाच काढतात. तरी फ्लॉवर मी वरच्या यादीत धरते, कारण त्यावरची अळी औषधांना फार लवकर दाद देईनाशी होते, शेतकरी एकामागून एक औषधं बदलत जातो, आणि त्या गड्ड्याला सोलायला काहीच नसतं. कोबीची वरची तीन-चार पानं काढली की निदान बाहेरचं गेलं. कढीपत्ता मात्र कुणी धरतच नाही! युरोपात आपल्या कढीपत्त्याची अंशांसाठी जादा तपासणी होत आलेली आहे. चमचाभर फोडणीत तो कितीसा जातो म्हणा. पण ज्याच्या सोसायटीत झाड आहे त्यानं विकत का आणावा?

पालेभाज्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो औषधाहून पाण्याचा जास्त आहे. मेथी, पालक, कोथिंबीर महिना-दीड महिन्यात निघतात, पान अख्खं खाल्लं जातं, आणि शहरांच्या कडेला त्या कशाच्या पाण्यावर वाढतात हे मुंबईच्या लोकलमधून रुळालगतचे वाफे पाहिलेल्याला सांगायला नको. सांडपाण्यातून येणारे शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू मुळांतून पानात चढतात आणि कितीही धुतलं तरी जात नाहीत. दारावर 'सेंद्रिय' अशी पाटी लावून विकणाऱ्यानं औषध मारलं नसेलही, पण त्या पाटीवरून पाणी कळत नाही. म्हणून पालेभाजी विकणाऱ्याला मी "सेंद्रिय आहे का" याऐवजी "मळा कुठला" हे विचारते. गावाचं नाव आलं तर घेते. "इथलीच आहे ताई" असं उत्तर आलं तर जरा थांबते.

फळांचा हिशेब सोपा, कारण तिथे सालीचं काम मोठं. केळी, संत्रं, मोसंबी, डाळिंब, अननस, फणस, सीताफळ, कलिंगड, नारळ यांवर अंशांच्या भीतीनं जादा पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. डाळिंबावर तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिनसारखी प्रतिजैविकं मारली गेली आहेत, ही चिंतेची गोष्ट आहे, पण ती चिंता जंतू औषधांना निगरगट्ट होण्याची आहे. आपल्या वाटीतल्या दाण्यांशी तिचा संबंध थोडाच. आंब्याला मोहोराच्या वेळी तुडतुड्यांसाठी फवारण्या होतात. फळ धरून पिकेपर्यंत बराच काळ जातो आणि साल आपण फेकतो. आंब्यात खरं बघायचं ते पिकवणं. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला परवानगी आहे, आणि 'सेंद्रिय हापूस' या पाटीचा यातल्या कशाशीही आपोआप संबंध जुळत नाही. १ मे २०१४ पासून युरोपनं आपला आंबा काही महिने बंद केला होता, तोही औषधामुळे नव्हे, फळमाशीमुळे. तरी लोक अजून तो दाखला औषधासाठी देतात.

सालीसकट खायची फळं मात्र वेगळ्या रांगेत: स्ट्रॉबेरी, द्राक्षं, सफरचंद, अंजीर, पेरू. स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीची असली तरी तिची अडचण अमेरिकेतल्यासारखीच आहे. पातळ कातडी, जमिनीलगतचं फळ, बुरशीला आमंत्रण, आणि हंगामभर चालणारा तोडा. वर्षातून दोन-चारदाच खायची असते, तेव्हा ती मी चांगल्या ठिकाणची, महाग घेते. द्राक्षाबद्दल लोक उगाच जास्त घाबरतात. द्राक्षाला फवारण्या पुष्कळ होतात हे खरं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की डावणी रोगासाठी दिवसाआड टाकी भरणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पण २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांच्या भाषेतलं लिहोसिन, सापडलं आणि कंटेनर अडकले, तो धडा नाशिक-सांगलीनं फार जवळून घेतला. निर्यातीच्या प्लॉटची 'अपेडा' या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर नोंद होते, तोडणीआधी बागेतून नमुना जातो, आणि पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र या अंशांवर लक्ष ठेवतं. देशातल्या बाजारासाठी अशी सक्ती नाही, पण औषध कधी थांबवायचं हे ज्ञान एकदा बागेत आलं की ते दोन्ही मालांना लागू पडतं. द्राक्षमण्यावरची पांढरी लव पाहून "बघा, औषध" म्हणणाऱ्यांना मात्र सांगायला हवं, की ती बहुतेकदा द्राक्षाचं स्वतःचं मेण असते.

कांदा, बटाटा, रताळी, सुरण, मटार, मका यांवर मी एक रुपयाही जास्त देत नाही. कांद्यावर फुलकिडे आणि करप्यासाठी फवारणी होते, पण काढणीनंतर तो सुकतो, चाळीत पडतो आणि वरचे पापुद्रे आपण काढतो. आणि ज्यांना फुकटात सेंद्रिय हवं त्यांनी पावसाळ्यात ठाणे-पालघरच्या स्टेशनबाहेर बसणाऱ्या आदिवासी बायकांकडे बघावं. शेवळं, टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी. यांना औषध मारायला कुणी गेलेलंच नाही. कर्टोली हल्ली शेतातही लावतात, तेव्हा तिच्याबद्दल तेवढी खात्री देत नाही.

सेंद्रिय खाल्ल्यानं तब्येतीला काय होतं, यावरचं संशोधन माणसाला दोन्हीकडे ओढतं. स्टॅनफर्डच्या चमूनं २०१२ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र पाहिले. पोषणात ठळक फरक सापडला नाही, अंश मात्र सेंद्रियात कमी. २०१४ च्या न्यूकॅसलच्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. कर्करोगाचं तर विचारूच नका. इंग्लंडमधल्या सहा लाखांवर स्त्रियांच्या अभ्यासात सेंद्रिय खाणाऱ्यांना एकूण कर्करोगात फायदा दिसला नाही (२०१४), आणि फ्रान्समधल्या सुमारे ६९,००० लोकांच्या अभ्यासात २५ टक्के कमी धोका दिसला (२०१८). सेंद्रिय खाणारे लोक एरवीही जास्त चालतात, कमी ओढतात, जास्त कमावतात. ते सगळं गणितातून पुरतं वजा करता येतं यावर माझा विश्वास नाही.

एका बाबतीत मात्र पुरावा मला पुरेसा वाटतो: लहान मुलं आणि गरोदर बायका. अमेरिकेत सिएटलच्या २३ शाळकरी मुलांना पाच दिवस सेंद्रिय जेवण दिलं, तर लघवीतल्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांच्या खुणा जवळजवळ लगेच नाहीशा झाल्या. हा अभ्यास २००६ चा. कॅलिफोर्नियाच्या शेतीभागात, ज्या आयांना गरोदरपणी या औषधांचा संपर्क जास्त होता, त्यांच्या मुलांचे बुद्धिमापन चाचणीतले गुण सात वर्षांच्या वयात कमी निघाले. तो संपर्क भाजी विकत आणून खाणाऱ्याहून बराच जास्त होता, हेही सांगायला हवं. तरी घरात बाळंतपण असेल किंवा दोन वर्षांचं पोर असेल तर भेंडी आणि वांगं बघून घेण्याचा खर्च मी वायफळ म्हणणार नाही. पण महागाई म्हणून भाजीच कमी आणली तर ते सगळ्यात वाईट. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं पोटात जायला हवीत. आपल्यातल्या कितीजणांच्या जातात?

सेंद्रिय म्हणजे नेमकं काय, हेही बघायला हवं. बाजारात आज तीन शब्द सरमिसळ होऊन फिरतात. 'सेंद्रिय' हा कायद्याचा शब्द आहे. निर्यातीपासून सुरू झालेली एनपीओपी ही २००१ पासूनची प्रमाणन पद्धत, शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांना तपासायची पीजीएस ही दुसरी, आणि पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह. वार्षिक पिकाला साधारण दोन वर्षं आणि फळझाडांना तीन वर्षं रूपांतरात घालवल्यावरच ते मिळतं. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असंही नव्हे. निंबोळी अर्क, गंधक, बोर्डो मिश्रण चालतं, आणि बोर्डोतलं तांबं जमिनीत साठत जातं. 'नैसर्गिक' हा अमरावतीच्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांच्या चळवळीनं घराघरात नेलेला शब्द. आणि तिसरा 'रेसिड्यू फ्री'. यात रासायनिक औषध चालतं, पण दिवस पाळून, आणि तयार माल प्रयोगशाळेत तपासून. पहिल्या दोघांचे पुरस्कर्ते याला नाकं मुरडतात. मला मात्र तोड्याच्या भाज्यांसाठी, प्रयोगशाळेचा कागद तारखेसह दाखवला तर, हाच सौदा जास्त पटतो. कारण त्या कागदावर मला हवं तेच मोजलेलं असतं. सुट्या ढिगावर खडूनं लिहिलेला 'ऑरगॅनिक' हा शब्द दुकानदाराच्या हस्ताक्षरापलीकडे काही सांगत नाही.

धुण्यानं काय होतं? वरवरचं बरंच जातं, आत मुरणारं, म्हणजे आंतरप्रवाही औषध जात नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या २०१७ च्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का पाण्यात सफरचंदं ठेवली. एका औषधाचे वरचे अंश पंधरा मिनिटांत सुमारे ९६ टक्के गेले, दुसऱ्या, सालीत मुरणाऱ्या औषधाचे बारा मिनिटांत ८० टक्के. लिटरभर पाण्याला दोन लहान चमचे सोडा, पंधरा मिनिटं, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं. बाजारातल्या शंभर-दीडशे रुपयांच्या 'व्हेजी वॉश'ची मला गरज वाटलेली नाही.

हे सगळं आपल्या ताटाबद्दल झालं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. त्यांच्या अंगावर एका दिवसात जेवढं औषध आलं, तेवढं मी आयुष्यभर भेंडी खाऊनही माझ्या पोटात जाणार नाही. सेंद्रिय भाजीला जास्त पैसे देण्याचं याहून भक्कम कारण मला सापडलेलं नाही, आणि ते कारण लेबलावर छापलेलं नसतं.

सध्या माझी पिशवी अशी असते: वांगं, भेंडी, गवार आणि हिरवी मिरची एका शेतकरी गटाकडून, आठवड्याच्या बाजारात, जवळपास दुप्पट भावानं. पालेभाजी गाव विचारून. फ्लॉवर फक्त दिवाळी ते शिमगा. बाकी सगळं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून. कढीपत्ता गॅलरीतल्या कुंडीतला, शंभर टक्के सेंद्रिय. गेल्या महिन्यात त्यावर फुलपाखराच्या सहा हिरव्या अळ्या आल्या आणि चार दिवसांत झाड खराट्यासारखं करून गेल्या. मी काही मारलं नाही. मावशींकडून पाच रुपयांचा कढीपत्ता आणला.